टाचेचा गुण

भीमेच्या काठच्या त्या वाडीत मंगळवारी आणि शुक्रवारी बैलगाडी सोडायला जागा मिळत नसे. दौंडहून, चौफुल्याहून, पार न्हावऱ्यापासून माणसे येत. कुणी गाडीत कडब्यावर पालथे पडून, कुणी मुलाच्या खांद्यावर भार टाकून. बायका जास्त. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात पोराचे मनगट. दुखणे सगळ्यांचे एकच, कंबर. आणि औषधही एकच, म्हाळसाची डावी टाच.

म्हाळसा पायाळू होती. म्हणजे जन्मताना तिचे डोके आधी न येता पाय आधी आले होते. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की भरलेली उसण निघते, हे त्या मुलखात कुणाला शिकवावे लागत नसे. गावोगावी एखादा पायाळू असायचाच. शेजारी कुणाची कंबर धरली की तो यायचा, पाय लावायचा आणि चहा पिऊन जायचा. त्यात कुणाचे फारसे बिघडत नव्हते. पण म्हाळसाला पोपटराव नावाचा मामा होता. तो पूर्वी जत्रेत तंबूतल्या सिनेमाबाहेर उभा राहून गर्दी बोलवायचा. सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात त्याने भाचीची टाच हाती घेतली आणि घरगुती समजुतीचा दरबार भरवला.

"या, या मंडळी! पुण्याला जाऊन आलात? फोटू काढून आलात? फोटूत काय दिसलं? हाडं! आवो, हाडं तर मेलेल्या मान्सालाबी असत्यात! दवाखान्याची सुई टोचती, म्हाळसाईची टाच पोचती!"

लोक हसत आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकत.

त्या दिवशी गर्दीच्या कडेला लिडिया उभी होती. शिरूरच्या मिशन दवाखान्यातली नर्स. सकाळच्या एस.टी.ने ती धावतपळत आली होती, कारण रांगेत सगळ्यात पुढे तिची धाकटी बहीण एलिझाबेथ होती. घरात तिला इलू म्हणत. इलूचे लग्न दौंडला, नवरा सत्यवान रेल्वेत. पहिल्या बाळंतपणाला ती शिरूरला माहेरी आली आणि बाळ झाल्यापासून उजवीकडे कमरेखाली दुखू लागले. महिने गेले तरी दुखणे हटेना. अंथरुणावर कूस बदलताना ती किंचाळायची. संध्याकाळी अंग कोमट व्हायचे. दवाखान्याच्या डॉक्टर शलमोन रणपिसे यांनी तिला पुण्याला पाठवून हाडांचा फोटो काढून आणला आणि सांगितले, "सांध्याचा क्षय आहे. झोपून राहायचं आणि रोज इंजेक्शन. बरेच महिने."

लिडियाने इंजेक्शने सुरू केली. तेवढ्यात आई, दयाबाई, "नातू सासरी दाखवून आणते" म्हणून इलूला दौंडला घेऊन गेली आणि तिथून थेट या वाडीत.

पोपटरावाने इलूला बाकड्यावर बसवले. तिचे दोन्ही पाय उचलून घोटे हातात धरले आणि टाचा लोकांकडे केल्या.

"बगा! उजवा पाय दोन बोटं आखूड. हाय का न्हाई?"

"हाय, हाय!"

खरेच होता. लिडियालाही दिसला.

"पोरी, दवाखान्यात कुनी पाय मोजलं व्हतं का?"

"न्हाई," इलू म्हणाली.

"पाय मोजला न्हाई आन् सुई टोचली! म्हंजी शिंप्यानं माप न घेता चोळी शिवली की वो!"

हशा पिकला. मग इलूला पालथे झोपवले. म्हाळसा पुढे आली. सतरा-अठराची, काटकुळी, डोळ्यांत झोप. भिंतीला हात टेकून तिने तीन वेळा टाच लावली, जशी एखादी दळण दळते तशी, मन दुसरीकडे ठेवून. इलूला पुन्हा बाकड्यावर बसवले. टाचा उचलल्या.

दोन्ही सारख्या. केसाचा फरक नाही.

माणसांनी एकच गलका केला. इलू उठली. कमरेवरचा हात काढून ती चार-पाच पावले चालली आणि रडू लागली. "अक्का, हलकं वाटतंय गं! खरंच हलकं वाटतंय!"

दयाबाईने लिडियाकडे पाहिले. "देवानं गुण कुनाच्या हातात ठिवावा ते देव जाणे. हिच्या पायात ठिवला. आता सुई बंद."

लिडिया एकटीच शिरूरला दवाखान्यात परतली. टाचा जुळताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

*

"काय बघितलंस?" डॉक्टरांनी विचारले.

"पाय जुळले. आधी आखूड होता, नंतर जुळला."

डॉक्टरांनी दवाखान्यात पट्ट्या गुंडाळणाऱ्या हौशीरामला हाक मारली, बाकावर बसवले आणि त्याचे घोटे धरले. डावा पाय दोन बोटे आखूड! डॉक्टरांनी हात किंचित हलवला. आता उजवा आखूड.

हौशीराम घाबरला. "डाक्टर, काय आखूड करायचं ते करा, पर जाताना सारकं करून द्या. बायकू घरात घ्यायची न्हाई!"

"नीट बघ," डॉक्टर लिडियाला म्हणाले. "दोन्ही पाय धरून मी जरा डावीकडे नेतो. कंबर कलते, एक बाजू मागं सरते, टाच मागं जाते. पाय परत मधे आणले की टाचा जुळतात. बसणाऱ्याला कळतही नाही. आणि बघणारे टाचांकडे बघतात, कमरेकडं कुणी बघत नाही."

लिडियाने स्वतः करून पाहिले. दुसऱ्या खेपेला तिला जमले. तिला राग आला तो स्वतःचाच. इतक्या सोप्या गोष्टीने ती फसली होती.

"पण ती चालली, डॉक्टर."

"एवढ्या लोकांनी गलका केल्यावर कुणीही चार पावलं चालतो. घरी गेल्यावर विचार." डॉक्टरांनी हौशीरामच्या पाठीवर बोट ठेवले. "इथं कमरेखाली दोन खळगे पडतात ना, त्यांच्या आत दोन सांधे असतात. बाळंतपणात ते सैल पडतात, दुखतात आणि बहुतेक बायकांचे काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप आवळतात. शेक द्या, टाच लावा, काहीच करू नका, दुखणं जातं. जाताना जो जवळ उभा असेल, त्याला यश मिळतं. पोपटरावाचं दुकान त्यावर चाललंय. पण इलूचा सांधा सैल नाही, लिडिया. तो आतून सडतोय."

लिडिया दौंडला गेली. इलू खोलीत पडलेली होती. हलकेपणा दुसऱ्या सकाळीच ओसरला होता. पण दयाबाई ऐकेना.

"पुन्यांदा टाच लावू. जुनी उसण हाय, एका टाचेत कशी निघंल?"

"आई, हा क्षय आहे."

दयाबाईने झटकन दार लोटले. "हळू बोल, लिडे! ह्या घरात तो शब्द काढलास तर हिची सासू पोराला ठेवून घेईल आन् हिला ठेसनावर बसवंल. आन् क्षय कसला? खोकला हाय का? रगत पडतंय का? उसण म्हनलं की शेजारीण शेक द्यायला येती. क्षय म्हनलं की कप येगळा ठिवत्यात."

लिडियाला ते कळत होते. आई मूर्ख नव्हती. आईने मुलीसाठी दोन शब्दांमधला कमी अपमानाचा शब्द निवडला होता.

"सुई घेऊ म्हनतीस ना?" दयाबाई शेवटी म्हणाली. "मग तुज्या डाक्टरला म्हनावं, म्हाळसाची टाच खोटी हाय ते समद्यांसमोर दाखव. दाखवलंस तर घेऊ सुई."

*

डॉक्टर शलमोन वाडीत आले तेव्हा पोपटरावाला वाटले, आणखी एक गिऱ्हाईक आले.

"तुमच्या भाचीच्या टाचेत गुण असेल तर मी दवाखान्यात तिला खुर्ची देईन," डॉक्टर म्हणाले. "पण आधी पारख करू. साध्या माणसाची टाच आणि पायाळू माणसाची टाच. कुणाला कुठली लागली, ते कुणालाच कळू द्यायचं नाही. तुम्हालाही नाही, मलाही नाही."

गर्दीपुढे नाही म्हणायची पोपटरावाची सोय नव्हती. "चालंल की! सोनार सोन्याला भीत न्हाई!"

साधी टाच कुणाची? लिडियाची. दयाबाईने सगळ्यांसमोर साक्ष दिली, "डोकं आदी आलं हिचं. मी आई हाय, मला ठावं हाय."

डॉक्टरांनी आधी सगळ्यांना तपासले. ज्यांच्या अंगात ताप होता, ज्यांचे वजन उतरत होते, त्यांना बाजूला काढून दवाखान्यात यायला सांगितले. मग दोरीवर सतरंजी टाकली. बाईने पालथे पडायचे, डोके सतरंजीच्या अलीकडे, कंबर पलीकडे. पलीकडे दोघीच, म्हाळसा आणि लिडिया. मध्ये गाडगे, त्यात चिंचोके आणि मक्याचे दाणे. न बघता हात घालायचा. चिंचोका निघाला तर म्हाळसाने टाच लावायची, मका निघाला तर लिडियाने. मग बाईच्या पायात दोरा बांधायचा, पिवळा किंवा तांबडा. कुठला रंग कुणाचा, हे त्या दोघींनाच ठाऊक. पोपटरावाने अलीकडे बसून सगळ्यांना सारखेच बोलायचे.

तो बोललाही. अंधार पडेपर्यंत त्याचा घसा बसला नाही.

सतरंजीआड म्हाळसा हळूच म्हणाली, "सिस्टरबाई, एक इचारू? दिसभर एका पायावर हुभं ऱ्हाऊन माजीच कंबर दुकती. त्याला काय इलाज?"

"तुझ्या मामाला सांगितलंस का?"

"सांगितलं. म्हनला, कुनाला बोलू नगंस."

अंधार झाला तेव्हा रांगेत बऱ्याच बायका उरल्या. त्यांना कुणाचीच टाच लागली नाही. "तुम्हीही महिन्यानं या," डॉक्टरांनी त्यांना सांगितले.

महिन्याने सगळ्या आल्या. दोऱ्यांचे रंग कुणाचे हे ठाऊक नसलेल्या गावच्या पंचांनी एकेकीला विचारले. खाली बसता येते का? कूस बदलता येते का? हंडा उचलता येतो का? पोपटराव मागे उभा राहून चेहरे वाचत होता. रतनबाई नावाची एक दांडगी बाई कडेवर भरली घागर घेऊनच आली. तिच्या पायात तांबडा दोरा होता.

पोपटरावाला राहवले नाही. "बगा! तांबडा! ही म्हाळसाईची किरपा! गाडीतून आणली व्हती हिला!"

"म्हाळसा," डॉक्टर म्हणाले, "तांबडा कुणाचा?"

म्हाळसाने मामाकडे पाहिले आणि मान खाली घातली. "सिस्टरबाईंचा."

डॉक्टरांनी सगळे समजावून सांगितले. पिवळ्या दोऱ्याच्या अर्ध्याहून जास्त बायका बऱ्या होत्या. तांबड्या दोऱ्याच्याही तेवढ्याच. आणि ज्यांना टाचच लागली नव्हती, त्यांच्यातल्याही जवळजवळ तेवढ्याच. मग त्यांनी पोपटरावाला त्याच्याच बाकड्यावर बसवून त्याचा पाय आधी आखूड केला, मग सारखा केला. कुठे धरायचे, कसे वळवायचे, सगळे दाखवले. दोन पोरांनी तिथल्या तिथे एकमेकांचे पाय धरून बघितले आणि त्यांनाही जमले.

लिडियाला वाटले, संपले. आता इलू सुई घेईल.

रतनबाईने घागर खाली ठेवली. ती सरळ लिडियाकडे आली आणि तिच्या पायांवर डोके ठेवले.

"माय, तुजाच पाय व्हता व्हय! आन् आमी उगीच त्या पोरीला देवी म्हनत व्हतो!"

"अहो, तसं नाही. ज्यांना कुणीच पाय लावला नाही त्याही बऱ्या झाल्या!"

"त्या तुमच्या सतरंजीपाशी हुभ्या व्हत्या की! वारं लागलं असंल."

गर्दी पोपटरावाकडून हलली. ती घराकडे गेली नाही, लिडियाभोवती जमली. एक म्हातारा तिथेच पालथा पडला. डॉक्टर ओरडून सांगत होते, पंच सांगत होते, पण लोकांनी पारखीतून हवे तेवढे उचलले होते: पोपटरावाची भाची खोटी, म्हणजे सिस्टर खरी.

म्हाळसा जाता जाता लिडियाजवळ थांबली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, सुटका होती. "आता तुमी ऱ्हावा हुभं, सिस्टरबाई."

*

दयाबाईचा हिशेबही त्याच दिवशी बदलला.

"तू पायाळू असशील, लिडे."

"आई! तू साक्ष दिलीस. डोकं आधी आलं म्हणालीस."

"त्या येळेला मला सुद व्हती का? सुईणीनं सांगितलं ते मी ऐकलं. सुईण म्हातारी, तिला धड दिसत नव्हतं." दयाबाईने तिचा हात धरला. "समद्या मुलखाला पाय लावलास. सख्ख्या बहिणीला लावायला काय झालं?"

दौंडच्या घरात इलू पलंगावर पडली होती. गाल बसले होते. उजव्या कुल्ल्यावर फुगवटा आला होता आणि बाळ जवळ घ्यायलाही तिला कुणाची मदत लागत होती. ती म्हणाली, "अक्का, लाव ना. मला सुया नकोत. एकदा लाव."

लिडियाने खूप समजावले. टाचांची युक्ती इलूच्याच पायांवर करून दाखवली. इलूने पाहिले, कळलेही. मग म्हणाली, "ते पोपटरावाचं झालं. तुजं येगळं."

लिडिया शिरूरला परतली. डॉक्टरांपुढे उभी राहिली. "मी तिला पाय लावणार आहे. सुईशिवाय माझ्या पायाचा गुण येत नाही, असं सांगून."

"खोटं सांगून औषध देणार?"

"औषध तर अंगात जाईल ना?"

"जाईल," डॉक्टर म्हणाले. "आणि यश कुठं जाईल?"

लिडियाने औषधासाठी हात पुढे केला. डॉक्टरांनी अडवले नाही. त्यांनी कपाट उघडून औषध काढून दिले.

इलूला शिरूरला आणले. रोज सुई, रोज गोळ्या, पलंगावरून उठायचे नाही, आणि हे सगळे नेमाने केले तरच रविवारी टाच. लिडिया टाच लावायची ती इतकी हलकी, की चादरीला सुरकुती पडू नये. आत सडलेला सांधा होता. तिला भीती वाटायची. हळूहळू ताप थांबला. फुगवटा बसला. वर्ष उलटून गेल्यावर इलू पलंगावरून उतरली. थोडी लंगडत, पण स्वतःच्या पायांनी, कडेवर पोर घेऊन दौंडला गेली.

आणि तिथे तिने सांगितले, "अक्काच्या टाचेनं उठले."

लिडियाने तिला जाब विचारला तेव्हा इलू निरागसपणे म्हणाली, "सुया दुखल्या तेवढं आठवतंय गं. बरं वाटायचं ते तू पाय लावलास की."

*

पुढच्या हिवाळ्यात रतनबाई दवाखान्यात आली. बरोबर बैलगाडी, आणि गाडीत तिची सून गिताबाई. वीस-एकवीस वर्षांची. लिडियाने तिला कूस बदलायला सांगितले आणि तिची किंकाळी ऐकली. कपाळावर हात ठेवला. कोमट. उजव्या खळग्यावर बोट ठेवले, आणि लिडियाला इलू आठवली.

"रतनबाई, हिला आधी पुण्याला नेऊन फोटो काढायचा. मग इथं राहायचं. रोज इंजेक्शन. माझ्या बहिणीचं हेच दुखणं होतं."

"म्हनून तर आणली. लावा टाच."

"टाचेत काही नाही. बहीण इंजेक्शननं बरी झाली."

रतनबाईने तिच्याकडे रोखून पाहिले. "सिस्टर, आमी अडानी हाय, येडी न्हाई. तुमच्या बहिणीला दर ऐतवारी टाच लावली, समद्या मुलखाला ठावं हाय. तीच सोताच्या तोंडानं सांगती."

"ते मी खोटं केलं होतं. तिनं सुई घ्यावी म्हणून."

"व्हय का! आपल्या मान्साला टाच, आन् आमच्या पोरीला सुई?"

लिडियाला पाय लावून टाकावासा वाटला. एकदाच, इलूसारखा. पण दाराबाहेर आणखी गाड्या उभ्या होत्या, त्यांतली माणसे माना उंचावून आत बघत होती, आणि आज लावलेली टाच उद्या कुणाला घरी पाठवील ते तिला समोर दिसत होते. तिने गिताबाईचा हात धरला. "तू तरी ऐक, बाई. इथं राहा."

गिताबाईने सासूकडे पाहिले. गाडी वळली.

घोड नदीच्या पलीकडे पोपटरावाने नवा पायाळू शोधला होता. त्याने गिताबाईचा पाय लांब केला म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडाला कमरेवरचे गळू फुटले, आणि त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

रतनबाई बाजारात भेटली तेव्हा लिडिया तिच्याजवळ गेली. रतनबाईनेच आधी तोंड उघडले, आणि तिच्या डोळ्यांत खरे पाणी होते.

"तुमी टाच लावली असती, सिस्टर, तर जगली असती माजी पोर."

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत लिडियाने कुणाच्याही पाठीला पाय लावला नाही, आणि जवळच्या माणसालाही बरे करण्यासाठी खोटे सांगितले नाही. इलूला तिने मुलासकट रतनबाईच्या दारात नेऊन खरे बोलायला लावले. इलू बोलली. रतनबाईने ऐकून घेतले, पाणी दिले, आणि म्हणाली, "गुणाची मान्सं आपला गुण असाच लपवत्यात." तरी लिडिया सांगत राहिली. दवाखान्यात, बाजारात, देवळाच्या आणि चर्चच्या आवारात. एखादीला पटायचे. ती सुया घ्यायची आणि जगायची.

म्हणून कुणी कुठल्याही गुणाची गोष्ट सांगायला आले तर आधी एवढेच विचारावे: ज्यांना हा उपाय केलाच नाही, त्यांचे काय झाले? त्यांतले किती आपोआप बरे झाले? आणि उपाय करूनही ज्यांना गुण आला नाही, ते कुठे आहेत? गुण आलेली माणसे आपल्यापर्यंत चालत येतात, हंडा कडेवर घेऊन येतात, पाया पडतात. बाकीची येत नाहीत. त्यांच्या घरी आपणच जायला हवे, आणि त्यांचे नाव घेऊन दारात विचारायला हवे.